मुलांना अंटार्क्टिका सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात मी मुलांसाठी चार दिवसांचं अंटार्क्टिका शिबिर घेते. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि आत बर्फाच्या गप्पा, ही गंमत मुलांना पहिल्याच दिवशी आवडून जाते. नंतर पालकांचे फोन येतात, शिक्षक भेटतात, आणि मुलं तर विचारतच असतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मोठ्यांचे कुठले आणि मुलांचे कुठले ते सहज ओळखू येईल. अवघड आहेत ते मुलांचे.

सुरुवात पेंग्विनपासूनच करायची ना?

मी तरी करत नाही. पेंग्विन मुलांना कार्टूनमधून आधीच माहीत असतो. तिथून सुरू केलं की गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते, आणि बर्फ मागे पडद्यासारखा राहतो.

घरात पृथ्वीगोल असेल तर तो उलटा करा. बहुतेक गोलांवर अंटार्क्टिकाच्या नेमकं मध्यभागी स्टँडचा स्क्रू असतो. भिंतीवरच्या नकाशात तोच खंड तळाशी ताणून पांढऱ्या झालरीसारखा काढलेला असतो. त्यामुळे चौथी-पाचवीपर्यंत मुलांनी हा खंड धड पाहिलेलाच नसतो. गोल उलटा धरून त्याच्या कडेने बोट फिरवायला सांगा. मग आकार सांगा: सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. चार भारत मावून वर जागा उरते. महाराष्ट्र मोजायचे तर पंचेचाळीस.

मग जाडी. या खंडावर बर्फाचा जो थर आहे तो सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि काही ठिकाणी साडेचार किलोमीटरच्याही वर जातो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. ते शिखर पायथ्यापासून तिथे नेऊन ठेवलं तर वरच्या देवळाचा कळससुद्धा दिसणार नाही. आमच्याकडची जी मुलं कळसूबाईच्या शिड्या चढून आलेली असतात, त्यांचे चेहरे इथे बघण्यासारखे होतात.

कितव्या वर्षी सांगायला घ्यावं?

बर्फाचा खडा हातात धरता येतो त्या वयापासून. तह, इतिहास वगैरे नऊ-दहा वर्षांनंतर.

उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव यांचा मुलांचा कायम घोळ होतो. काय करावं?

एक वाक्य पाठ करून घ्या: उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे, दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन. बाकी सगळे फरक यातून निघतात. उत्तरेकडचा आर्क्टिक म्हणजे गोठलेलं समुद्राचं पाणी, काही मीटर जाडीचं. त्यावर पांढरी अस्वलं हिंडतात, भोवतालच्या जमिनींवर माणसं हजारो वर्षं राहत आली आहेत. दक्षिणेला खडकाचा खंड आहे आणि त्यावर लाखो वर्षं साचत गेलेलं हिम. तिथे अस्वल नाही, आणि मूळचा रहिवासी म्हणावा असा माणूसही नाही.

‘अंटार्क्टिका’ या नावातच हे आहे. ग्रीक भाषेत ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. उत्तर आकाशातल्या ज्या तारकासमूहाला ते अस्वल म्हणत, त्यातल्याच सात ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो. अंटार्क्टिका म्हणजे त्याच्या बरोबर उलट दिशा.

आपल्याकडे याहून सोपी वाट आहे. ध्रुवबाळाची गोष्ट मुलांना येतेच. अढळपद मिळालेला तो ध्रुवतारा उत्तर ध्रुवाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे अंटार्क्टिकातून तो कधीच दिसत नाही. मग तिथे कोण दिसतं? अगस्त्य. विंध्याला वाकायला लावून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला. अगस्त्याचा तारा आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिण क्षितिजावर थोडा वेळ दिसतो. अंटार्क्टिकात तो मावळतच नाही. ही जुळणी मी मुलांना सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “म्हणजे ते तिथेच राहिले.” मला यापेक्षा चांगलं सुचलं नसतं.

राणीच्या बागेतले पेंग्विन अंटार्क्टिकातून आणलेत का?

नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. त्या किनाऱ्याला लागून वाळवंट आहे, बर्फ नाही. पेंग्विन म्हणजे बर्फ हे समीकरण मोडायला ही बाग फार उपयोगी पडते.

अंटार्क्टिकाचा खरा मानकरी सम्राट पेंग्विन. उभा राहिला तर पहिली-दुसरीतल्या मुलाएवढा उंच. बाकीचे बहुतेक प्राणी हिवाळा आला की उत्तरेकडे निघतात, तेव्हा हा अंडी घालायला बर्फावर येतो. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्रावर पोट भरायला निघून जाते. नर ते अंडं पोटाखालच्या कातडीच्या घडीत झाकून सुमारे दोन महिने उभा राहतो, न खाता, अंधारात. शेकडो नर एकमेकांना चिकटून गर्दी करतात आणि बाहेरचे हळूहळू आत, आतले बाहेर असे सरकत राहतात. पायांवर चेंडू ठेवून मुलांना अशी गर्दी करून चालायला लावा. दोन मिनिटांत कुणाचा तरी चेंडू पडतो आणि मग वर्ग शांत होतो.

तिथली थंडी आमच्याकडच्या मुलाला समजणार कशी? त्याने धड हिवाळाही पाहिलेला नाही.

घरातला फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. व्होस्टोक या रशियन तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदवलं गेलं. जमिनीवरच्या केंद्रात मोजलेलं ते आजवरचं सर्वांत कमी तापमान. शाळेला उन्हाळी सुट्टी नुकतीच संपलेली असते तो जुलै तिथे ऐन हिवाळ्याचा, हेही त्यात येऊन जातं.

मात्र थंडीपेक्षा मुलांना कोरडेपणाचं नवल जास्त वाटतं. अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. खंडाच्या आतल्या भागात वर्षभरात जे हिम पडतं त्याचं पाणी केलं तर सुमारे ५० मिलिमीटर भरतं. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या एका दिवसाचं पाणी जमवायला तिथे एकोणीस वर्षं लागतील. मग दोन किलोमीटर बर्फ आला कुठून, हा पुढचा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. पडतं थोडं, पण वितळत नाही, एवढंच.

घरी करण्यासारखे प्रयोग कोणते?

तीन सांगते. खर्च नाही, पसारा भरपूर.

पहिला तुपाचा. तीन प्लास्टिकच्या पिशव्या घ्या. एकीत वनस्पती तूप भरा, तिच्या आत दुसरी पिशवी घाला आणि मुलाला त्यात हात घालू द्या. दुसरा हात तिसऱ्या, नुसत्या पिशवीत. दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवा. नुसत्या पिशवीतला हात अर्ध्या मिनिटात बाहेर येतो, तुपातला आरामात राहतो. सील आणि देवमासे कातडीखाली हीच चरबीची गोधडी घेऊन फिरतात. घरचं साजूक तूप वापरू नका, आजी शिबिर बंद पाडेल.

दुसरा मिठाचा. कुल्फी किंवा लाकडी पॉटमधलं आईस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ टाकतात. मीठ मिसळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून ते मिश्रण शून्याच्याही खाली उतरून दूध गोठवतं. समुद्राचंही तसंच. खारं पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठतं. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो, त्यामुळे खालचं पाणी आणखी खारं, आणखी जड होतं आणि तळाशी बुडतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं हे गार पाणी समुद्रतळावरून उत्तरेला सरकत हिंदी महासागरापर्यंत पोचतं. मुरुडच्या किनाऱ्यावर पाय भिजवणाऱ्या मुलाला हे सांगावं, की या समुद्राच्या खोल पोटातलं थंड पाणी फार पूर्वी दक्षिणेच्या बर्फाखालून निघालेलं आहे.

तिसरा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक ठिकाणी अर्धाच करतात. दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. एकात पाणी आणि तरंगणारा बर्फ. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकं काढेल असा दगड आणि त्या दगडावर बर्फ. दोन्हींत पाण्याच्या पातळीला पेनाने खूण करा आणि जेवून या. तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी हलत नाही. दगडावरचा वितळला की ती खुणेच्या वर जाते. पहिला ग्लास आर्क्टिकचा समुद्री बर्फ, दुसरा अंटार्क्टिका. नुसता दुसरा ग्लास दाखवला तर मूल ‘बर्फ वितळला की समुद्र चढतो’ एवढंच शिकतं, आणि ते अर्धवट आहे.

इतक्या लांबच्या बर्फाचं आपल्याला काय?

जगातल्या एकूण बर्फापैकी सुमारे ९० टक्के तिथे आहे. तो सगळा वितळला तर जगातले समुद्र ५८ मीटरच्या आसपास चढतील. तो आपल्या हयातीत, नातवंडांच्याही हयातीत सगळा वितळणार नाही, हे त्याच श्वासात सांगा. पण मुंबईसाठी ५८ मीटर लागतातच कुठे? भरतीच्या वेळी पाऊस लागला की काय होतं ते तिथल्या मुलांना तोंडपाठ आहे. समुद्र अर्धा-एक मीटर चढणं हीच आपल्या किनाऱ्याची काळजी आहे.

दुसरं काम आरशाचं. ताजं हिम त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतं. उघडा समुद्र जवळजवळ सगळं गिळतो. हिवाळ्यात खंडाभोवतीचा समुद्र गोठतो तेव्हा हा पांढरा पसारा दुपटीहून मोठा होतो. उन्हात काळा आणि पांढरा असे दोन टीशर्ट वाळत घालून हात लावून बघा.

तिसरं काम मला सर्वांत आवडतं: आठवण ठेवायचं. हिम थरावर थर पडताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. खोल भोक पाडून बर्फाचा दांडा बाहेर काढला की त्या त्या काळातली हवाच हाती लागते. अशा एका दांड्याने गेल्या आठ लाख वर्षांची हवा दाखवली. २०२५ च्या जानेवारीत युरोपीय पथकाने २,८०० मीटर खोल जाऊन बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ बाहेर काढल्याचं जाहीर केलं. त्या आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३०० च्या आसपास पोचून परत खाली यायचा. आज तो ४२० च्या वर आहे. मुलांना आकड्यापेक्षा बुडबुडा लक्षात राहतो. राहू दे.

तिथे पूर्वी झाडं होती का?

होती, आणि त्याचा पुरावा आपल्या विदर्भात आहे.

पूर्वी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे सगळे एकत्र होते. या महाखंडाचं नाव गोंडवन. हे नाव आलं गोंडांच्या प्रदेशावरून, म्हणजे मध्य भारतातल्या ज्या पट्ट्यात चंद्रपूर-गडचिरोलीही येतात त्यावरून. चंद्रपूरचा दगडी कोळसा त्याच काळातल्या झाडांचा. त्या झाडांत मुख्य होतं ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचं. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत त्या पानांचे ठसे सापडतात.

आता गोष्टीचं दुसरं टोक. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला तेव्हा तिथे नॉर्वेचा झेंडा आधीच होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती मेले. शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. उपाशी, थकलेल्या माणसांनी ते शेवटपर्यंत ओढत आणले होते. त्यातल्या काही दगडांवर ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. कामठीत आणि दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर एकच पान.

शर्यत कुणी जिंकली हे मुलं विसरतात, सोळा किलो विसरत नाहीत. आमच्याकडे एका मुलाने दप्तर वजनकाट्यावर ठेवून पाहिलं होतं.

भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी दोघे सुटे होऊ लागले.

तिथला राजा कोण?

कुणीच नाही, आणि ही मला त्या खंडाची सर्वांत नवलाची गोष्ट वाटते. सात देशांनी त्याच्या तुकड्यांवर हक्क सांगितले होते. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला: इथे सैन्याचे तळ नाहीत, अणुस्फोट नाहीत, संशोधन खुलं. हक्क सांगणाऱ्यांचे हक्क मान्यही केले नाहीत, फेटाळलेही नाहीत. आहेत तिथे गोठवून ठेवले. आज करारात पन्नासहून जास्त देश आहेत, भारत १९८३ पासून. पुढे १९९१ मध्ये माद्रिदला झालेल्या करारानुसार तिथे खाणकामालाही बंदी आहे.

बांधावरून पिढ्यान्पिढ्या भांडणाऱ्या घरांतली मुलं हे ऐकून विचारतात, “मग कुणी कुंपण घातलं तर?” खरं उत्तर असं की तिथे पोलीसठाणं नाही. एकमेकांच्या तळांना भेट देऊन तपासणी करायचा हक्क देशांना आहे, त्यावर चाललंय.

भारताचं तिथे काय आहे?

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. एकवीस जण, ‘पोलार सर्कल’ हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ मध्ये पहिला तळ झाला, दक्षिण गंगोत्री. तो समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर होता, आणि काही वर्षांत हिमाने त्याला गिळलं. मग शिर्माकर टेकड्यांमध्ये, उघड्या खडकावर ‘मैत्री’ बांधला. बाजूला गोड्या पाण्याचं तळं आहे, प्रियदर्शिनी. २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ चालू आहे. तो मालवाहू कंटेनर जोडून उभा केलाय. दोघांत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर, म्हणजे शेजारी म्हणायची सोय नाही.

या सगळ्याचा कारभार गोव्यात वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. अंटार्क्टिकातून आणलेला बर्फ तिथल्या शीतगृहात जपून ठेवलेला आहे. बाहेर नारळाची झाडं आणि आत शेकडो वर्षांपूर्वीचं हिम.

मुलींना आवर्जून सांगावं असं नाव म्हणजे डॉ. अदिती पंत. नागपूरला जन्म, औंधच्या पंत घराण्यातल्या, पदवीपर्यंतचं शिक्षण पुण्यात, काम सागरविज्ञानाचं. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया या दोघी. आमच्या शिबिरात ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ म्हटलं की अजून दाढीवाले बाबाच निघतात, म्हणून हे नाव मी पहिल्याच दिवशी घेते.

सहा महिने रात्र असते, तर ते झोपतात कधी?

सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र फक्त ध्रुवावर. मैत्रीवर सूर्य साधारण दोन महिने उगवत नाही. झोपायचं घड्याळ बघून, आणि पोळी-भाजीच्या वेळाही घड्याळाच्याच.

कचरा कुठे टाकतात? तिथे कुत्रा नेता येतो का?

कचरा बांधून खंडाबाहेर परत आणावा लागतो. कुत्रा नेता येत नाही. पूर्वी गाड्या ओढायला कुत्रे होते, पण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती. शेवटचे कुत्रे १९९४ मध्ये परत नेले. परकं बीसुद्धा चालत नाही. उतरण्याआधी कपड्यांचे खिसे, चेन, बुटांचे तळवे साफ करतात. मुलांना आपापले खिसे उलटे करायला लावा. आमच्याकडे चिंचोके, कुसळं आणि एकदा जिवंत गोगलगाय निघाली होती.

बर्फ वितळतोय हे ऐकून माझी मुलगी रात्री रडली. सांगायलाच नको होतं का?

सांगायला हवं, पण क्रम चुकला असेल. ज्या गोष्टीशी अजून ओळख झाली नाही ती मरतेय असं आधी सांगितलं की मुलाच्या हाती फक्त भीती येते. आधी चार दिवस बर्फाशी खेळू द्या. मग ओझोनची गोष्ट सांगा. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली या तळावरच्या नोंदींवरून दाखवलं की अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर वसंतात भयंकर पातळ होतोय. कारण होतं फ्रीज आणि स्प्रेमधले वायू. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, ते वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले, आणि आता तो थर हळूहळू भरतोय. पूर्ण भरायला या शतकाचं मधलं दशक ओलांडावं लागेल. तुमच्या मुलीला तो दिवस दिसेल. कार्बनचं प्रकरण याहून खूप अवघड आहे, तेही मोठी झाली की सांगाच. खोटा दिलासा मुलांना लगेच कळतो.

मुलांना तिथे पत्र पाठवता येतं का?

तिथे भारताचं टपाल कार्यालय आहे! पहिलं दक्षिण गंगोत्रीवर होतं, दुसरं मैत्रीवर, आणि ५ एप्रिल २०२४ ला भारती तळावरही सुरू झालं. त्याला दिलेला पिन आहे एमएच-१७१८. ‘एमएच’ बघून मुलांना वाटतं की अंटार्क्टिका महाराष्ट्रात आला. टपाल खात्याच्या महाराष्ट्र मंडलात गोवा येतो, आणि हे टपाल गोव्यातून जातं, त्यातून ते आलं असावं. गोव्याच्या केंद्रात जमलेली पत्रं मोहिमेसोबत जातात, तिथे त्यांच्यावर शिक्का बसतो आणि ती परत येऊन आपापल्या पत्त्यावर रवाना होतात. साधारण वर्षातून एकदा. पाकिटावर स्वतःचाच पत्ता नीट, सुवाच्य अक्षरात घालायला सांगा. आणि चौथीतल्या मुलाने लिहिलं असेल तर ते परत येईपर्यंत तो पाचवीत गेलेला असू शकतो, हे आधीच सांगून ठेवा.